रॅम वाढवली, फॉरमॅट मारला, तरी मशीन पुन्हा तसंच : अडतंय कुठे ते कसं शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. मशीनला ४ जीबी रॅम होती, ती ८ केली. वर फॉरमॅटही मारून घेतला. चार-सहा दिवस झकास गेले आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायला चहा पिऊन यावा इतका वेळ, क्रोमचे पाच टॅब उघडले की माउस अडखळतो, प्रिंट दिली की गोल चकरी फिरत बसते. मग दुसरा फॉरमॅट, मग तिसरा. सदाशिव-नारायण पेठेतली डीटीपीची ऑफिसं, फ्लेक्सवाल्यांची दुकानं, टिळक रस्त्याकडच्या सीएंच्या ऑफिसात कोपऱ्यात ठेवलेली मशीनं, पतसंस्था, सोसायट्यांच्या कचेऱ्या, सगळीकडे हेच ऐकू येतं. जुलैअखेर रिटर्न भरायच्या घाईत आणि दिवाळी अंकांच्या तोंडावर तर रोज.

यातल्या बऱ्याच ठिकाणी रॅम खराब नसते आणि व्हायरसही नसतो. मशीनवर ३२-बिट विंडोज असते, आणि रॅम कितीही घातली तरी ती ४ जीबीच्या पुढची वापरूच शकत नाही. फॉरमॅट मारणारा पोरगा ज्या जुन्या डीव्हीडीतून विंडोज टाकतो ती ३२-बिटचीच असते, त्यामुळे प्रत्येक फॉरमॅटनंतर तीच मर्यादा पुन्हा बसते. मधले चार दिवस बरे जातात, कारण तेव्हा स्टार्टअपला काही चढलेलं नसतं आणि ब्राउझर रिकामा असतो. पैसे मात्र दर वेळी जातात.

आधी एक ओळ वाचा

विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं गेलात की दोन ओळी दिसतील. पहिली इन्स्टॉल्ड रॅमची. तिथे ‘८.०० जीबी’ आणि पुढे कंसात ‘३.२४ जीबी युजेबल’ असं काही असेल, तर तुमची जवळपास पावणेपाच जीबी रॅम नुसती स्लॉटमध्ये बसून आहे. दुसरी ओळ सिस्टिम टाइपची. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं लिहिलं असेल तर बातमी चांगली आहे: प्रोसेसर ६४-बिट आहे, फक्त विंडोज चुकीची टाकली आहे. ‘एक्स८६-बेस्ड प्रोसेसर’ असेल तर प्रोसेसरच ३२-बिट आहे, तिथे फार काही होणार नाही.

विंडोज ७ वर ही दुसरी ओळ अर्धीच दिसते, प्रोसेसरचा उल्लेख नसतो. मग लोक ‘एमएसइन्फो३२’ उघडतात, तिथे ‘एक्स८६-बेस्ड पीसी’ वाचतात आणि प्रोसेसर जुना आहे असं ठरवून मोकळे होतात. ती ओळ बसवलेल्या विंडोजबद्दल बोलते, चिपबद्दल नाही. खात्री करायची तर सीपीयू-झेड नावाचं फुकट साधन चालवा. त्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव मिळतं, इन्स्ट्रक्शन्सच्या रकान्यात ६४-बिटचा उल्लेख आहे का ते कळतं आणि मेनबोर्डच्या टॅबवर चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप, तीही दिसते. चिपसेट पुढे लागणार आहे, लिहून ठेवा.

ढोबळ अंदाज हवा असेल तर: कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे इंटेलचे जवळजवळ सगळे डेस्कटॉप प्रोसेसर ६४-बिट आहेत. एएमडीने ऑप्टेरॉन आणि अॅथलॉन ६४ हे दोन्ही २००३ मध्येच आणले होते, इंटेल त्या वाटेवर २००४ मध्ये आली. फसतात ते कोअर ड्युओवाले, म्हणजे मधला ‘टू’ नसलेले. तो ३२-बिटच आहे. जुन्या छोट्या नेटबुकांमधला अॅटम एन२७० सुद्धा.

३.२४ च का?

३२ बिटांत जास्तीत जास्त जितके वेगवेगळे आकडे लिहिता येतात ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक लागतो. क्रमांक संपले की पुढची रॅम असून नसल्यासारखी. हा झाला ४ जीबीचा हिशेब.

पण हे क्रमांक एकट्या रॅमचे नसतात. ग्राफिक्स, नेटवर्क कार्ड, यूएसबीचा कंट्रोलर, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) चिप, या सगळ्यांशी प्रोसेसर त्याच क्रमांकांतून बोलतो, आणि त्यांची जागा ४ जीबीच्या वरच्या टोकाला आधीच राखून ठेवलेली असते. म्हणून उरतात ते सव्वातीन, कधी साडेतीन. बोर्डाप्रमाणे आकडा बदलतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड टाकल्यावर ‘रॅम आणखी कमी झाली’ असं सांगत लोक येतात तेही यामुळेच.

याच्याही पुढची अडचण कमी लोकांना माहीत असते. ३२-बिट विंडोज प्रत्येक प्रोग्रामला ४ जीबीचा नकाशा देते खरा, पण त्यातला अर्धा स्वतःकडे ठेवते. म्हणजे एका प्रोग्रामच्या वाट्याला साधारण २ जीबी. मशीनमध्ये ८ जीबी असो की १६, फोटोशॉपला त्या २ जीबीतच संसार करायचा.

आता फ्लेक्सवाल्याचं काम घ्या. कुणाचा तरी वाढदिवस आहे, चौकात २० फूट बाय १० फुटांचा फ्लेक्स लावायचा आहे. ७२ डीपीआयला ही फाइल होते १७,२८० गुणिले ८,६४० पिक्सेल, म्हणजे १४ कोटी ९२ लाख ९९ हजार २०० पिक्सेल. सीएमवायके असेल तर दर पिक्सेलला ४ बाइट. एकच पूर्ण भरलेला लेयर जवळपास ६० कोटी बाइट खातो. त्यावर साहेबांचा फोटो, मागे भगवा ग्रेडियंट, खाली शुभेच्छुकांच्या पन्नास मुंडक्यांची रांग, शिवाय अनडूची हिस्टरी. चार लेयरमध्ये २ जीबी कधीच संपली. फोटोशॉप बंद पडत नाही, तो उरलेलं सगळं स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे हार्ड डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत, टाकत राहतो. ‘स्क्रॅच डिस्क्स आर फुल’ हा मेसेज येतो तो यातून, आणि मग लोक सी ड्राइव्हमधल्या फाइली उडवत बसतात. ७२ च्या जागी १५० डीपीआय ठेवणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत. दोन्ही बाजूंनी दुपटीहून जास्त, म्हणजे मेमरी चौपटीहून जास्त. तीस फुटांवरून बघायच्या फ्लेक्सला हे कशासाठी, देव जाणे. विंडोज बदलण्याआधी हा आकडा कमी केला तरी निम्मं काम होतं.

डिस्कवर गेलं की इतकं हळू का पडतं याचंही प्रमाण लक्षात असू द्या. रॅममधून माहिती यायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला डोकं त्या जागेवर नेऊन वाचायला साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. साध्या साटा एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळ पुरतो.

रॅम कमी पडतेय की डिस्कच थकलीये?

हे न तपासता रॅम घेऊ नका. मशीन रडायला लागेल असं नेहमीचं काम सुरू करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा आणि तिथूनच खाली रिसोर्स मॉनिटर उघडा. त्याच्या मेमरीच्या टॅबवर ‘हार्ड फॉल्ट्स’ म्हणून आलेख आहे, म्हणजे रॅममध्ये नाही म्हणून किती वेळा डिस्कवर धावावं लागलं. तो सतत उंच राहत असेल, आणि टास्क मॅनेजरमधला ‘कमिटेड’ (सगळ्या प्रोग्रामांना मिळून कबूल केलेल्या मेमरीचा) आकडा प्रत्यक्ष रॅमच्या बराच वर गेला असेल, तर मेमरी खरोखर अपुरी आहे. हार्ड फॉल्ट शांत, मेमरी ६० टक्क्यांवर, पण डिस्क १०० टक्के लाल? मग रॅमला दोष देऊ नका. तिथे एसएसडी टाका, फरक त्याच दिवशी दिसेल.

त्याच पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ असा, उपकरणांसाठी राखलेल्या मेमरीचा आकडा असतो. तो शंभर-दोनशे एमबी असेल तर सोडून द्या, काही बोर्डांवर आतल्या ग्राफिक्ससाठी त्याहून थोडा जास्तही असतो. ६४-बिट विंडोज असूनही तो २-४ जीबी दाखवत असेल तर तीन गोष्टी बघायच्या. एक, बायोसमध्ये ‘मेमरी रिमॅप’ नावाचा (उपकरणांमुळे अडलेली रॅम ४ जीबीच्या वरच्या क्रमांकांवर हलवणारा) पर्याय बंद आहे का. दोन, एमएसकॉन्फिगमध्ये बूटच्या अॅडव्हान्स्ड खिडकीत ‘मॅक्झिमम मेमरी’ला टिक लागली आहे का. ही टिक लावल्याने वेग वाढतो असं कुठल्या तरी व्हिडिओत सांगितलेलं असतं. वाढत नाही. ती टिक मेमरी कमी करून तपासणी करण्यासाठी आहे, काढून टाका आणि रीस्टार्ट करा. तीन, स्टिक नीट बसलेली नाही. काढून, सोनेरी पट्टी खोडरबरने हलक्या हाताने पुसून, दोन्ही खटके वाजेपर्यंत दाबून बसवा.

आणि ‘रॅम ८० टक्के भरलीये’ एवढ्यावरून घाबरू नका. विंडोज मोकळी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरते आणि गरज पडली की लगेच सोडते. रॅम साफ करणारे प्रोग्राम हा कॅश उडवतात आणि तीच माहिती पुन्हा डिस्कवरून वाचायला लावतात. असला प्रोग्राम टाकला असेल तर आधी तो काढा.

बोर्डाची मर्यादा वेगळी

प्रोसेसर ६४-बिट, विंडोज ६४-बिट, तरी रॅम वाढेना, असं झालं की चिपसेट बघायचा. इथे पुण्यात अजून भरपूर चालणारे जुने बोर्ड आहेत. ९४५ चिपसेट ४ जीबीपर्यंतच जातो आणि त्याला रिमॅप जमत नाही, त्यामुळे ६४-बिट टाकूनही सव्वातीनच दिसतात. त्याच्यावर खर्च करू नका. जी३१ ला ४ जीबीची हद्द आहे. जी४१ ८ जीबी घेतो. एच६१ चे दोन स्लॉट मिळून १६ जीबी, आणि या मशीनांत अजून जीव आहे.

जी४१ मध्ये एक खोच आहे. ४ जीबीची डीडीआर३ स्टिक घातली की मशीन सुरूच होत नाही, किंवा निम्मीच दिसते. स्टिकवर काळ्या चिप आठ आहेत की सोळा, ते मोजा. हा चिपसेट २ गिगाबिटच्या वरची चिप ओळखत नाही, म्हणून ४ जीबीची स्टिक दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपांचीच लागते. दुकानातल्या पोराला ‘सोळा चिपवाली दे’ असं स्पष्ट सांगा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ‘एएमडी ओन्ली’ स्टिकही अशाच फसव्या. त्यांतल्या चिपांची मांडणी वेगळी असते, इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. वर्णनात बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं.

आवृत्तीचीही हद्द असते, पण ती आता क्वचितच आड येते. विंडोज ७ होम बेसिक ६४-बिट ८ जीबीवर थांबायची, होम प्रीमियम १६ वर, प्रोफेशनल १९२ वर. विंडोज १० होम १२८ जीबी घेते. तिन्ही-चारी आवृत्त्यांची ३२-बिट मात्र ४ वरच.

‘पीएईचा पॅच मारला तर?’

हा प्रश्न येतोच. पीएई म्हणजे ३२-बिट मशीनला ४ जीबीपलीकडची रॅम दाखवणारी सोय. कल्पना खरी आहे. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून इंटेलने ३२-बिट प्रोसेसरला ३६ बिटांचा भौतिक पत्ता दिला, म्हणजे ६४ जीबीपर्यंत रॅम. सर्व्हरच्या काही ३२-बिट विंडोज ती वापरतही. घरगुती विंडोजवर मायक्रोसॉफ्टने ४ जीबीची हद्द ठेवली, कारण बऱ्याच ड्रायव्हरांना (उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रामांना) त्यापलीकडचे पत्ते झेपत नव्हते आणि मशीन कोसळत. पॅच मारून ही हद्द उठवली तरी ड्रायव्हर तेच राहतात, आणि प्रत्येक प्रोग्रामची २ जीबीची कुंपणभिंत तशीच उभी. ऑफिसच्या मशीनवर हा उद्योग नको.

३२-बिट म्हणजे टाकाऊ असंही नाही बरं का. १९९१ मध्ये सी-डॅकने याच शहरात परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला, तो टी८०० ट्रान्सप्युटर नावाच्या ३२-बिट प्रोसेसरांवर. फक्त तिथे प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची वेगळी मेमरी होती.

६४-बिट टाकली, तरी एक्सेल रडतं

टिळक रस्त्यावरच्या एका ऑफिसातला हा नेहमीचा संवाद. ‘सर, १६ जीबी आहे, विंडोजपण ६४ आहे. तरी जीएसटीची शीट उघडली की म्हणतं मेमरी पुरत नाही.’ एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल उघडायला सांगितलं. वरच्या ओळीच्या शेवटी ‘३२-बिट’. ऑफिस २०१९ येईपर्यंत ते इन्स्टॉल करताना आपोआप ३२-बिटच बसत असे, ६४-बिट मुद्दाम निवडावं लागायचं. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्राम चालतो, पण पत्त्यांची मर्यादा तो स्वतःबरोबर घेऊन येतो: २ जीबी, किंवा तशी सोय करून घेतलेली असेल तर ४. ऑफिस काढून ६४-बिट बसवायचं, पण त्याआधी जुने अॅड-इन ६४-बिटमध्ये मिळतात का ते विचारून घ्यायचं.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रामच्या नावापुढे कंसात ‘३२ बिट’ दिसतं, त्यावरून ओळखा. कोरलमध्ये ६४-बिट एक्स६ पासून (२०१२), फोटोशॉपमध्ये विंडोजवर सीएस४ पासून, इनडिझाइनमध्ये २०१३ च्या सीसीपासून. पेजमेकर ७ हा २००१ चा, तो कायम ३२-बिटच राहणार. त्याच्या फाइली लहान असतात म्हणून चालून जातं.

६४-बिटने नुसत्या रॅमचाच फायदा होतो असं नाही. प्रोसेसरच्या हाताशी असलेली सर्वसाधारण रजिस्टर (आकडे धरून ठेवायचे छोटे कप्पे) ८ ची १६ होतात, त्यामुळे प्रत्येक गोष्टीसाठी मेमरीकडे धावावं लागत नाही. फोटोवरचं फिल्टर, व्हिडिओ, झिप अशा कामांत ते जाणवतं. पण दुसरी बाजू अशी की प्रत्येक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ४ ऐवजी ८ बाइटचा होतो, आणि विंडोजला ३२-बिट प्रोग्रामांसाठीच्या फाइलींचा दुसरा संच सांभाळावा लागतो. २ जीबीच्या पुढे जाऊच न शकणाऱ्या मशीनवर ६४-बिट टाकलीत तर ते आणखी मंद होईल. रॅम बोर्डालाच चिकटवलेले आणि ३२ जीबी साठवणुकीचे छोटे लॅपटॉप यातलेच. त्यातल्या काहींचा प्रोसेसर ६४-बिट पण यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली मशीन सुरू करणारी प्रणाली) ३२-बिट असते, आणि ६४-बिट पेन ड्राइव्ह तिथे बूटच होत नाही. त्यांना नेटवर रिटर्न बघण्यापुरतं ठेवा.

बदलायचं ठरलं तर

३२ वरून ६४ ला अपग्रेडचं बटण नाही. सी ड्राइव्ह पुसून नव्यानेच टाकावी लागते. विंडोज १० चं लायसन्स खरं असेल तर त्याच आवृत्तीच्या दोन्ही प्रकारांना चालतं, नवं विकत घ्यायचं काम नाही. मात्र तिचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे, पण ती अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली चालत नाही. टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) अट चुकवून टाकून देणारे बरेच आहेत. कोअर टूवर तीही पळवाट बंद झाली, कारण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही सूचना लागते आणि कोअर टूमध्ये ती नाही. अशा मशीनवर इंटरनेट आणि टायपिंग एवढंच काम असेल तर ६४-बिट लिनक्स टाका. ३२-बिटवाल्यांचा तोही दरवाजा लागत आलाय. उबंटूने १७.१० पासून ३२-बिट डेस्कटॉपचा इन्स्टॉलर बंद केला आणि २०२५ च्या डेबियन १३ ने ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर दिलाच नाही.

शनिवार पेठेत डीटीपी करणाऱ्या एका काकूंचं म्हणणं ऐका: ‘फॉरमॅटचं काही नाही रे, पण मागच्या वेळी माझे फॉन्ट गेले, ते काही परत आले नाहीत.’ डेस्कटॉप आणि डी ड्राइव्हची कॉपी सगळे घेतात. विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डर राहून जातं, आणि युनिकोडपूर्व काळातली वीस वर्षांची पुस्तकं उघडल्यावर चौकोन आणि इंग्रजी चिन्हं दिसतात. ते फोल्डर, कीबोर्डच्या मांडणीची फाइल आणि फॉन्टच्या पॅकेजची मूळ सीडी, हे तिन्ही आधी बाजूला काढा.

खरा अडथळा असतो डोंगलचा, म्हणजे सॉफ्टवेअर उघडण्यासाठी मशीनला जोडायच्या लॉकचा. ६४-बिट विंडोजला ६४-बिट आणि सही केलेलाच ड्रायव्हर लागतो. जुन्या लॉकचा तसा ड्रायव्हर निघालाच नसेल तर रॅम कितीही असली तरी ते सॉफ्टवेअर उघडणार नाही. विकत घेतलेल्या कंपनीला फोन करून आधी विचारा, मग फॉरमॅटला हात घाला. नव्या एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवरही हाच पेच आहे: विंडोज ११ तिथे इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम भाषांतर करून चालवते, पण ड्रायव्हर एआरएमचाच हवा. डीटीपीसाठी असा लॅपटॉप घेताना प्रिंटर आणि डोंगल दुकानात जोडून बघा.

पतसंस्थांमध्ये अजून डॉसमधला फॉक्सप्रोचा हिशेब सापडतो. ६४-बिट विंडोज डॉसचे आणि १६-बिट प्रोग्राम मुळीच चालवत नाही. यासाठी नव्या मशीनवर डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम), किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनी ३२-बिट विंडोज, असा मार्ग काढता येतो. प्रिंटिंग जमवायला थोडी खटपट लागते. ते नको असेल तर जुनं मशीन आहे तसं राहू द्या, रॅम वाढवू नका, नेटची वायर काढून ठेवा आणि त्याच्या डिस्कची क्लोन लगेच काढून घ्या. आयडीईची (साटाच्या आधीच्या जोडणीची) असेल तर तशी नवी डिस्क आता कुणी बनवत नाही. क्लोन साटा एसएसडीवर घेऊन कन्व्हर्टरने जोडली तरी चालते.